जाताना सायकल, येताना रेल्वे : बेळगाव–लोंढा पट्ट्यात नव्यानं निघणाऱ्यांसाठी

सायकल घेऊन आठवडा झालेला माणूस भेटला की त्याचे प्रश्न ठरलेले असतात. टायर जाड बरे की बारीक, गिअर किती हवेत, गादीची चड्डी लागतेच का. मी त्याला उलट एकच विचारतो : येताना कुठली रेल्वे पकडणार?

तो हसतो. पण बेळगाव, खानापूर, लोंढा ह्या भागात सायकल चालवायची तर खरी मौज ह्या जोडीतच आहे. ताज्या पायांनी जायचं, आणि पाय बोलायला लागले की सायकल मालडब्यात टाकून आपण खिडकीशी बसायचं. सकाळी ज्या चढावर जीभ बाहेर आली तो चढ संध्याकाळी चहा पिता पिता मागे टाकायचा.

बेळगाव सोडलं की देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी आणि लोंढा अशी स्टेशनं ओळीनं लागतात. बेळगाव ते लोंढा पन्नासएक किलोमीटर, खानापूर साधारण मध्यावर. पणजीकडे जाणारा रस्ताही थोडं इकडेतिकडे करत ह्याच रुळांच्या सोबतीनं जातो. नवख्यानं पहिल्या चार-पाच फेऱ्या तरी रूळ धरूनच कराव्यात, हे माझं ठाम मत. चोर्ला आणि आंबोलीचे घाट कुठं पळून जात नाहीत.

पहिला रविवार : सायकल घरी ठेवा

हे ऐकून लोक नाराज होतात, तरी सांगतो. पहिल्या खेपेला नुसतं लोंढ्याचं तिकीट काढा, जाऊन या. खिडकीतून रस्ता बघायचा. कुठं रस्ता रुळांच्या जवळ येतो, कुठं झाडीत गडप होतो, कुठल्या स्टेशनावर आपली गाडी खरोखर थांबली आणि कुठल्या स्टेशनावरून शिट्टी मारत निघून गेली, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की नकाशा निम्मा पाठ होतो.

बेळगाव स्टेशनातून निघाल्यावर आधी टिळकवाडीची रेल्वे गेटं लागतात. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. बेळगावात पत्ता सांगायला ह्यापेक्षा मोठी खूण नाही. मग उद्यमबागेची शेडं संपतात आणि देसूरकडे शेतं सुरू होतात. पावसाच्या तोंडावर रताळ्याच्या वेलांची लगबग, पुढं भात. इदलहोंडनंतर माती लालसर होत जाते, काजू दिसायला लागतो. खानापूरजवळ रेल्वे मलप्रभा ओलांडते. ही नदी ह्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पार कुडलसंगमला कृष्णेला जाऊन मिळते. उन्हाळ्यात पुलावरून खाली बघितलं तर पात्रातले दगड दिसतात, जुलैत तीच नदी ओळखू येत नाही. गुंजीनंतर दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येतं.

लोंढ्यात उतरल्यावर फलाटावर एक फेरी मारा. इथून एक मार्ग अळणावर, धारवाडकडे जातो, दुसरा कॅसलरॉकवरून गोव्याकडे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराल तर ते मीटरगेजच्या छोट्या गाडीच्या आणि मिरजेला सामानासकट गाडी बदलण्याच्या गोष्टी सांगतील. आपलं काम मात्र वेगळं : लगेज बुक करायची खिडकी कुठं आहे, किती वाजता उघडी असते, आणि गाडीचा मालडबा फलाटाच्या कुठल्या टोकाला येतो, हे तीन प्रश्न तिथं विचारून घ्या. मालडबा, म्हणजे ब्रेक व्हॅन, बहुतेक गाड्यांना पुढं एक आणि मागं एक असतो. कुठला उघडतील हे हमाल लोक बरोब्बर सांगतात.

तिकिटाचं एक लक्षात ठेवा. जवळच्या अंतराचं जनरल तिकीट सकाळीच काढून खिशात ठेवता येत नाही. ते काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या दिशेच्या पहिल्या गाडीनं निघावं लागतं. परतीचं तिकीट परतीलाच. मोबाइलवर काढणार असाल तर फलाटावर पोचायच्या आधी, स्टेशनाबाहेर उभं राहून काढा. आणि ॲपमध्ये ‘बेळगाव’ टाकून काही सापडलं नाही तर ‘बेळगावी’ टाका. वाद नंतर घालू.

परतीची गाडी आधी, सायकल नंतर

आता आखणी. बहुतेक जण सकाळी सहाला निघायचं ठरवतात आणि परतीचं ‘बघू की’ म्हणून सोडून देतात. मग दुपारी दोनला लोंढ्याच्या फलाटावर बसून पुढची थांबणारी गाडी संध्याकाळी आहे हे कळतं.

उलटं करा. आधी परतीच्या दोन गाड्या निवडा : एक जिच्यानं यायचं ती, आणि तिच्यानंतरची एक, हुकली तर. दिवसातली शेवटची गाडी कधीच पहिली निवड नसावी. मग वेळ मागं मागं मोजत या. बुक करायची सायकल गाडीच्या निदान अर्धा तास आधी खिडकीवर द्यायची असते, बांधायला अर्धा तास, तोंड धुवून चार घास खायला अर्धा तास. म्हणजे गाडीच्या दीड तास आधी स्टेशनात पोचलं पाहिजे. नवख्याचा वेग थांबे धरून ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर धरू नका. पन्नास किलोमीटरला साडेचार-पाच तास. ह्या हिशोबानं निघायची वेळ आपोआप निघते, आणि ती सहसा तुम्हाला वाटली होती त्याच्या आधीची असते.

वेळापत्रक बदलतं, म्हणून इथं गाड्यांच्या वेळा देत नाही. आदल्या रात्री आणि निघताना, दोनदा, रेल्वेच्या चौकशी ॲपवर किंवा 139 वर बघा. स्टेशन जवळ असणं आणि तिथं गाडी थांबणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देसूर, इदलहोंड, गुंजी इथं एक्स्प्रेस गाड्यांचा भरवसा नाही. खानापूरला बऱ्या, लोंढ्याला सगळ्यात चांगलं. आणि वंदे भारत रुळांवर कितीही देखणी दिसली तरी तिला मालडबा नसतो, तेव्हा आपल्या कामाची नाही.

‘लगेज’ म्हणा, ‘पार्सल’ म्हणू नका

खिडकीवर गेल्यावर हा एक शब्द नीट वापरलात तर निम्मा त्रास वाचतो. लगेज म्हणजे तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीनं जाणारं सामान. पार्सल म्हणजे रेल्वेच्या सवडीनं, जागा असेल त्या गाडीनं जाणारं. माझ्या एका मित्रानं घाईत ‘सायकल पार्सल करायचीय’ म्हटलं आणि तो रविवारी घरी आला, सायकल मंगळवारी.

आधी स्वतःचं तिकीट काढायचं, मग ते दाखवून सायकलीची पावती करायची. डब्यात आपल्याबरोबर जी बॅगा-बोचकी फुकट नेता येतात त्या वजनाच्या सवलतीत सायकल बसत नाही. तिचे पैसे वेगळे भरावे लागतात. मालडब्यात जागा नसेल तर नाही म्हणू शकतात, कारण त्यातला काही भाग बऱ्याच गाड्यांत ठेक्यावर गेलेला असतो. म्हणून तर दुसरी गाडी हाताशी ठेवायची. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घामानं भिजलेल्या खिशात कागदाचा लगदा होतो. उतरल्यावर तीच पावती दाखवून सायकल ताब्यात घ्यायची, आणि लगेच घ्यायची. पडून राहिली तर जागेचं भाडं चढायला लागतं.

सायकल छोट्या स्टेशनाला बुक करू नका. ही शहाणपणाची गोष्ट मी फुकट शिकलो नाही. एकदा हौसेनं दोन मिनिटं थांबणाऱ्या एका स्टेशनाची पावती केली. गाडी थांबली, मी मालडब्याकडे धावलो, दार आतून बंद. ते उघडायला कोणी यायच्या आत शिट्टी झाली आणि माझी सायकल माझ्यादेखत पुढं निघून गेली. मी फलाटावर, डोक्यावर हेल्मेट. पुढच्या मोठ्या स्टेशनावरून दुसऱ्या दिवशी तिला सोडवून आणलं. तेव्हापासून नियम : ह्या पट्ट्यात चढवायची आणि उतरवायची ती बेळगाव किंवा लोंढ्यालाच, जिथं गाडी जरा दम खाते. चढवल्यावर गार्डला, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, जाऊन सांगा : ‘साहेब, एक सायकल आहे, बेळगावला उतरवायची.’ सांगितल्यानं फरक पडतो.

घडीची सायकल असेल तर हा सगळा खटाटोप नको. पिशवीत घालून, चेन झाकून, सीटखाली किंवा दाराजवळच्या कोपऱ्यात. पण डब्यात न्यायच्या सामानाची मापं रेल्वेनं ठरवलेली आहेत, 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर, आणि बऱ्याच घडीच्या सायकली जाडीला त्याहून थोड्या फुगीर निघतात. गर्दी नसताना कोणी काही म्हणत नाही; गर्दी असली तर मुकाट्यानं मालडब्याची पावती करा. सणासुदीच्या जनरल डब्यात सायकल घुसवून लोकांच्या शिव्या खाऊ नका. त्यांचं खरंच असतं.

बांधणी

सायकल बांधायला लागतं ते सगळं पुढच्या पिशवीत मावतं : जुन्या गोणपाटाचे दोन तुकडे, सुतळीचा गुंडा, ॲलन कीचा संच, पंधरा नंबरचा पाना, एक जाड पुठ्ठा आणि काळा मार्कर.

आधी पेडल काढा. डाव्या बाजूचं पेडल उलट आट्याचं असतं. जोर लावून लावून पाना घसरतो आणि बोटं सोलवटतात ती इथंच. दोन्ही पेडलं फिरवायची दिशा एकच लक्षात ठेवा : पाना वर धरून सायकलीच्या मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं. हँडल सैल करून फ्रेमच्या रेषेत वळवा. सीट खाली. टायरमधली हवा थोडी कमी करा, पूर्ण नको, नाहीतर ढकलत नेताना रिम घासते. बाटली, दिवा, पंप, मीटर, सगळं काढून पाठीवरच्या पिशवीत. सायकलीला लटकलेलं काहीही घरी पोचेलच असं नाही.

खरी नाजूक जागा एकच आहे, मागच्या चाकाजवळचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग. त्याला फ्रेमशी जोडणारी पत्री, हँगर, मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, म्हणजे धक्का बसला तर ती वाकावी आणि फ्रेम वाचावी. गिअर आधी सगळ्यात मोठ्या चकतीवर घ्या म्हणजे डिरेलर आत सरकतो. मग त्याच्याभोवती गोणपाट दोन-तीन पदरी गुंडाळून सुतळीनं करकचून बांधा. लोंढ्याच्या एका हमालानं मला शिकवलं की सुतळीची गाठ वरच्या बाजूला, हात पोचेल अशी मारायची. उतरवणारा माणूस घाईत गाठीलाच धरून उचलतो, आणि ती खाली असली की डिरेलरला धरून उचलतो. इतकी साधी गोष्ट मला चार वर्षं सुचली नव्हती.

पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात तुमचं नाव, फोन, कुठून कुठं आणि गाडीचा नंबर. स्टेशनांची नावं मी मराठीबरोबर कानडीतही लिहितो. चढवताना ‘गिअरची बाजू वर’ असं सांगा. हातानं दाखवलंत तर भाषा कुठलीही चालते.

आता निघा : बेळगाव ते लोंढा

तीस किलोमीटर न कुरकुरता जमत असतील तर ही वाट जमते. बेळगाव उंचावर आहे, खानापूर त्याच्यापेक्षा शंभरएक मीटर खाली, त्यामुळे पहिला टप्पा तब्येतीनं निघतो. म्हणूनच मी बेळगावातून सायकलनं जा आणि रेल्वेनं या म्हणतो. उलट केलंत तर दुपारच्या उन्हात घराकडे चढत यावं लागतं, आणि घराचा चढ सगळ्यात जड.

उजाडायच्या आत काँग्रेस रोडवरून निघा. 1924 चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन ह्याच भागात भरलं होतं. त्यासाठी खणलेली विहीर वाटेतच आहे, पण तेवढ्यासाठी थांबू नका, कारण पहिल्या तासाची गार हवा परत मिळत नाही. पिरनवाडीला उजवीकडे जांबोटीचा फाटा सुटतो, आपण सरळ मच्छे, झाडशहापूर, प्रभुनगर. इथं रस्ता चौपदरी आहे. डाव्या कडेनं चला, सेवा रस्ता असेल तिथं तोच धरा. हायवेचा कंटाळा येतो हे खरं. त्यावर उपाय म्हणजे आत शिरून देसूर, इदलहोंड, गर्लगुंजी अशा गावांतून जाणं. अंतर थोडं वाढतं, पण ट्रकांची हवा अंगावर येत नाही आणि चहा चांगला मिळतो. गणेबैलचा टोलनाका दिसला की खानापूर आलंच म्हणायचं.

खानापुरात थांबा, पोटभर खा. इथल्या मातीच्या विटा, कौलं आणि मडकी पूर्वीपासून नावाजलेली. पाणी भरून घ्या आणि स्वतःला खरं सांगा : पाय कसे आहेत? इथं सोडायचं असेल तर लाज बाळगू नका. सायकल ओळखीच्या अंगणात लावा, ओळख नसेल तर एखाद्या दुकानदाराला विचारा, कुलूप घाला आणि आपण रेल्वेनं या. खानापूर तालुक्यात ‘बेळगावचा पोरगा सायकल ठेवून गेलाय’ एवढ्यावर सायकल आठवडाभर सांभाळली जाते. माझी एक सायकल अशी आठ दिवस एका परड्यात राहिली; आणायला गेलो तेव्हा तिच्या कॅरिअरवर चार शेवग्याच्या शेंगा बांधलेल्या होत्या.

पुढं जाणार असाल तर खानापूर–गुंजी–लोंढा हा टप्पा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात एकाकी. झाडी दाट होते, दुकानं कमी होतात, मोबाइलची रेंज ये-जा करते. रस्त्याचं काम कुठं चाललंय, कुठं खडी टाकलीय, हे खानापुरातल्या कुठल्याही टेम्पोवाल्याला विचारून घ्या; त्यांच्याइतकी ताजी बातमी ॲपवर नसते. लोंढ्यात पोचल्यावर आधी सायकल बांधायची, मग जेवायचं. उलट केलंत तर जेवणानंतर अंग जड होतं आणि सुतळीच्या गाठी ढिल्या पडतात.

रूळ सोडायचे झाले तर

चार-पाच फेऱ्या झाल्या, पंक्चर स्वतः काढता यायला लागलं, की खानापुरातून नंदगड, हलशीकडे वळा. जाऊन-येऊन चाळीसएक किलोमीटर धरून निघा. खानापूरला मुक्काम केलात तर उत्तम, नाहीतर ओळखीच्या कुणाची सायकल तिथंच मिळवा आणि तुम्ही हलक्या हातानं रेल्वेनं जा. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूरच्या लढ्यातल्या ह्या वीराला इंग्रजांनी 1831 साली इथंच फाशी दिली. हलशी ही एके काळी कदंबांची राजधानी. तिथलं भूवराह नरसिंह मंदिर बाराव्या शतकातलं, काळ्या दगडाचं, आणि त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एका बाजूला बसलेला विष्णू, दुसऱ्या बाजूला पृथ्वीला उचलून धरलेला वराह. भर दुपारी तिथल्या गार फरशीवर दहा मिनिटं बसलात की पुढच्या वीस किलोमीटरची सोय होते. एवढं दमायचं नसेल तर खानापूरहून मलप्रभेच्या काठचं असोगा जवळ आहे. रामलिंगेश्वराचं देऊळ, नदी आणि सावली.

दुसरी वाट बेळगावच्या उत्तरेला. मिरजेकडच्या गाडीनं घटप्रभा स्टेशनला उतरा. जवळच धुपदाळचा बंधारा आहे, त्याच्या पाण्यावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. तिथून कोन्नूरवरून गोकाकचा धबधबा दहाएक किलोमीटर. घटप्रभा नदी इथं 52 मीटर खाली कोसळते. बघायचा तर पावसाळ्यात किंवा त्याच्या लगोलग, एप्रिलमध्ये नुसता कडा दिसतो. झुलता पूल चालू असला तर पायी जा, सायकल अलीकडे लावून. गोकाकचा करदंट घ्यायला विसरू नका. डिंक, गूळ, सुकामेवा : ह्यापेक्षा चांगलं सायकलवाल्याचं खाणं बाजारात कुठल्याही चकचकीत कागदात मिळत नाही. परतीला दोन तुकडे तरी शिल्लक राहतील ह्याची काळजी घ्या.

ह्या बाजूला रस्त्यावर कानडीच चालते. खानापुरात मराठीनं दिवस निघतो, घटप्रभेला नाही. ‘स्टेशन एल्ली ऐतरी?’ आणि ‘नीर कोड्री’ एवढी दोन वाक्यं शिकून जा. पहिल्यानं वाट सापडते, दुसऱ्यानं पाणी. शेवटचा ‘री’ खाऊ नका. आपल्याकडच्या ‘अहो’चं काम तो करतो.

घाटात सायकल नाही

कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे 26 किलोमीटरचा घाट बघून प्रत्येक नवख्याच्या डोक्यात एकच कल्पना येते : रुळांच्या कडेनं सायकल ढकलत दूधसागर गाठायचा. नाही. रुळांवरून चालायला रेल्वेची बंदी आहे, बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते, आणि आजूबाजूचं जंगल राखीव आहे. ह्या घाटाचा चढ 37 मीटरला एक मीटर, म्हणजे रेल्वेच्या मानानं फारच उभा. वर येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं ढकलतात. 1888 च्या सुमाराला हा मार्ग झाला, आणि आजही गाडी इथं सांभाळून सांभाळून उतरते.

तेव्हा हा घाट खिडकीतूनच बघायचा. गोवा एक्स्प्रेस, पूर्णा एक्स्प्रेस अशा गाड्या लोंढ्यावरून घाट उतरतात. गाडी दिवसाउजेडी घाटात असेल असं वेळापत्रक बघून तिकीट काढा. सायकल आदल्या दिवशीच्या फेरीत लोंढ्याला ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी घाट, तिसऱ्या दिवशी सायकल, असं तीन दिवसांचं छान जमतं. पावसाळ्यात 310 मीटरच्या दूधसागराचे तुषार डब्यात येतात. दारात लोंबकळू नका. ते दृश्य खिडकीतूनही तेवढंच ओलं करतं.

वारा, ऊस आणि गवे

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, लोंढ्याकडे जाताना तोंडावर. शिवाय गुंजीपुढं पाऊस कोसळतो आणि जंगलाच्या कडेला बसलात तर जळवा चढतात. मीठ जवळ ठेवा. मार्चनंतर दहाच्या आत सावली गाठा.

घटप्रभा, रायबाग, कुडची भागात गाळपाच्या दिवसांत दोन दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. त्यांना बाजूला बघता येत नाही आणि उसाच्या मोळ्या रस्त्याच्या कडेपर्यंत झुकलेल्या असतात. मागून कर्णकर्कश गाणी ऐकू आली की रस्त्याच्या खाली उतरून उभे राहा. ओव्हरटेक तर चुकूनही करू नका.

खानापूरच्या पश्चिमेला भीमगडचं अभयारण्य, लोंढ्याच्या पलीकडे काळीचा व्याघ्र प्रकल्प. रस्त्यावर गवा दिसला तर लांब थांबा, घंटी वाजवू नका, तो गेला की निघा. अस्वलाची भीती झुंजुमुंजू आणि तिन्हीसांजेला जास्त. ह्या दोन वेळांना गुंजी–लोंढा पट्ट्यात सायकलवर असायचं नाही. कच्च्या वाटेनं जंगलात शिरायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी.

बाकी सामान फार नको. दोन ट्यूब, पंक्चरचा डबा, पंप, मागचा लाल दिवा, दोन लिटर पाणी, ओळखपत्र, सुट्टे पैसे. आणि एक कोरडा शर्ट, डब्यातल्या शेजाऱ्यांसाठी.

बेळगावात उतरल्यावर

मालडबा फलाटाच्या टोकाला उघडतो, तेव्हा गाडी स्टेशनात शिरताच दाराशी या. सायकल हातात आली की आधी सुतळ्या कापा, हँडल सरळ करा, पेडलं लावा, हवा भरा. मग दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि चाकांचे क्विक रिलीज, म्हणजे चाक धरून ठेवणारे खटके, घट्ट आहेत का ते हातानं तपासा. घर जवळ आलं म्हणून लोक नेमकं हेच विसरतात, आणि स्टेशनाबाहेरच्या रिक्षांच्या गर्दीत ब्रेक सैल असल्याचं कळतं. एकदा माझं पुढचं चाक दुसऱ्या रेल्वे गेटजवळ खडखडायला लागलं. उतरलो, बघतो तर रिलीज अर्धा उघडा. तो आवळेपर्यंत गेट पडलं, आणि ज्या गाडीनं मी आलो होतो तिच्या मागून येणारी मालगाडी जाईपर्यंत मी तिथंच, सायकलीला टेकून, उरलेला करदंट खात उभा राहिलो.